यादीत नसलेला ताशा

संगणकावर संगीत करणाऱ्यांची एक जगन्मान्य यादी आहे. १९९१ साली अमेरिका आणि जपानमधल्या वाद्य-उत्पादकांच्या संघटनांनी मिळून ती ठरवली. तिचे नाव जनरल मिडी. कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड घ्या किंवा सॉफ्टवेअर उघडा, ही यादी पाळणारे असेल तर तालवाद्यांसाठी दहावा चॅनल राखीव असतो आणि ३५ ते ८१ या क्रमांकांच्या पट्ट्यांवर एकेक आवाज नेमून दिलेला असतो. एकूण ४७ आवाज. ३६ वर बेस ड्रम, ३८ वर स्नेअर, ५४ वर टॅम्बुरीन. ६० पासून पुढे बोंगो, कोंगा, टिंबाली, आगोगो, माराकास. क्युबापासून ब्राझीलपर्यंतची वाद्ये रांगेने बसली आहेत. ७१ आणि ७२ वर तर चक्क शिट्ट्या आहेत, एक आखूड आणि एक लांब.

या ४७ आवाजांत तबला नाही. ढोलकी नाही, दफ नाही, हलगी नाही. ताशाही नाही.

मी वसमतमध्ये राहतो आणि फावल्या वेळात जुन्या लॅपटॉपवर इकडच्या तालवाद्यांचे आवाज गोळा करतो, कापतो, त्यांची संगणकावर वाजणारी वाद्ये बनवतो. हा छंद बिनपैशाचा आहे. पण तो करता करता वरच्या यादीकडे बघायची नजर बदलत गेली. यादीत कोण बसले आणि कोण बाहेर राहिले, हा संगीताइतकाच इतिहासाचा प्रश्न आहे, असे वाटू लागले. म्हणून हा लेख.

यादीतले आपले नातेवाईक

आपली तालवाद्ये यादीत नाहीत, पण त्यांचे नातेवाईक आहेत. त्याच मानकात सुरांच्या वाद्यांची १२८ नावांची दुसरी यादी आहे. तिच्यात ४८ व्या क्रमांकावर टिंपनी आहे, युरोपच्या वाद्यवृंदातला तांब्याचा मोठा नगारा. अरबी ‘नक्र’ म्हणजे ठोकणे. त्यावरून नक्कारा, आणि मराठीत नगारा. धर्मयुद्धांच्या काळात ही नगाऱ्यांची जोडी युरोपात गेली, इंग्रजीत ‘नेकर्स’ झाली आणि पुढे मोठी होत होत टिंपनी बनली. ११२ व्या क्रमांकावर शहनाई आहे, म्हणजे फारसी सुरन्याची वंशज. ५४ व्या पट्टीवरची टॅम्बुरीन दफाच्या घराण्यातली. अंदलूसमध्ये अरबांचा ‘अल-दुफ्फ’ पोचला आणि स्पेन-पोर्तुगालच्या खेड्यांत तो आजही ‘अदूफे’ या नावाने वाजतो.

म्हणजे जे वाद्य पश्चिमेकडे गेले, तिथे रुळले, त्याला यादीत जागा मिळाली. जे पूर्वेला, दख्खनच्या बाजूला आले, ते राहून गेले. यात कुणाचे कारस्थान शोधायची गरज नाही. यादी करणाऱ्यांनी आपल्या स्टुडिओत रोज जे वाजते ते लिहिले. पण एकदा यादी छापली गेली की तिच्याबाहेरचे सगळे ‘इतर’ ठरते. कीबोर्ड बनवणारा यादी बघतो, गाणे बांधणारा कीबोर्ड बघतो आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तेवढेच आवाज सवयीचे होतात.

निजामाच्या मुलखातला ठेका

वसमत आज हळदीच्या मोंढ्यासाठी ओळखले जाते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या भाषावार रचनेत मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा आम्ही परभणीचे हिंगोलीचे झालो. सरकारी पाट्या बदलत गेल्या, पण वरातीतला आणि उरसातला ठेका या सगळ्याच्या आधीचा आहे.

अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही नक्कारखान्याची नोंद केली आहे. दमाम्याच्या साधारण अठरा जोड्या, नक्काऱ्याच्या वीस, दुहुल म्हणजे ढोल चार, सुरना नऊ, शिवाय कर्णे, नफीर आणि झांजा. दरबारातली ही रचना सत्तेची खूण होती आणि ती सगळ्यांनीच उचलली. रायगडावर नगारखाना आहे, खुलताबादच्या दर्ग्यातही आहे. राजा असो वा वली, त्याच्या दारात नगारा वाजला पाहिजे, याबद्दल दख्खनमध्ये कुणाचे दुमत नव्हते.

दफाची वाट वेगळी. निकाह चोरून नाही, जाहीरपणे व्हावा म्हणून दफ वाजवण्याची रीत प्रेषितांच्या काळापासून सांगितली जाते. वाद्यांच्या बाबतीत उलेमांमध्ये पुष्कळ मतभेद आहेत, पण दफाला सवलत देणारे त्यांत बरेच आहेत. फकिरांच्या हातात हा दफ गावोगाव फिरला. मातंग समाजाच्या हातात त्याच जातकुळीची हलगी आहे. गोल कडे, एका बाजूने ताणलेले कातडे, एका हातात जाड काठी आणि दुसऱ्या हातात बारीक लांब काठी. आमच्या भागात सवारी निघते तेव्हा पुढे हलगी असते आणि ती वाजवणारा बहुतेक वेळा मुसलमान नसतो.

तिसरे वाद्य मर्फा. येमेनच्या हद्रमौत भागातून आलेले अरब आणि पूर्व आफ्रिकेतून आलेले सिद्दी निजामाच्या फौजेत होते. हैदराबादचे बारकस आणि ए. सी. गार्ड्स हे मोहल्ले त्यांचे. ए. सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी, सिद्दी घोडेस्वारांचे पथक. या लोकांनी वाडग्याच्या आकाराचा मर्फा, दफ, ढोल आणि लाकडी थापी यांचे वादन सोबत आणले. हैदराबादच्या वरातींत ते रुजले आणि संस्थानभर पसरले. मराठवाड्यात चाऊस आडनावाची जी घरे आहेत, ती याच अरब शिपायांची. मर्फ्यावर नाचणाऱ्या वरातीत हद्रमौत, आफ्रिका आणि गोदाकाठ एकत्र असतात. नाचणाऱ्याला हे ठाऊक असायची गरज नसते.

मोहरम, गणपती आणि त्रिनिदाद

आता ताशा. फारसीत ‘तास’ म्हणजे धातूचे खोलगट भांडे, त्यावरून हा शब्द आल्याचे मानले जाते. मातीच्या किंवा तांब्याच्या उथळ भांड्यावर ताणलेले कातडे आणि वाजवायला वेताच्या दोन बारीक काठ्या. १८३२ साली लंडनमध्ये जाफर शरीफ यांचे ‘कानून-ए-इस्लाम’ इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाले. दख्खनी मुसलमानांचे सणवार त्यात बारकाईने नोंदले आहेत, आणि मोहरमच्या मिरवणुकांच्या वर्णनात ताशा-ढोल आहेत.

पुण्यातही ताबुतांच्या मिरवणुका मोठ्या असत. हिंदू त्यांत सामील होत, स्वतःचे ताबूत बसवत, सोंगे घेऊन नाचत. १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. त्यानंतर हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावे असा प्रचार झाला आणि १८९४ च्या मोहरमला पुण्यातले बहुसंख्य हिंदू गेले नाहीत. त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव मोठा झाला. अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की त्या उत्सवातले मेळे आणि विसर्जनाची मिरवणूक यांवर मोहरमच्या टोळ्यांची आणि ताबुतांची छाप होती. माणसे वेगळी झाली, ताशा दोन्हीकडे राहिला. आज इंटरनेटवर ‘गणपती ताशा’ या नावाने आवाजांचे संच मिळतात. ते नाव चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. गेली सव्वाशे वर्षे गणपतीपुढे जो वाजतो, तो गणपतीचाही ताशा झाला. पण ते नाव अर्धे आहे.

उरलेले अर्धे बघायला समुद्र ओलांडावा लागतो. ३० मे १८४५ रोजी हिंदुस्थानी मजुरांचे पहिले जहाज त्रिनिदादला पोचले. या गिरमिटियांनी तिथे मोहरम सुरू केला, त्याचे नाव ‘होसे’, म्हणजे या हुसेन. त्यात ताशा होता, आणि वाजवणाऱ्यांत हिंदू मजूरही होते. ३० ऑक्टोबर १८८४ ला होसेच्या मिरवणुकीवर ब्रिटिश पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. पण ताशा मेला नाही. आज त्रिनिदादमध्ये ‘टासा’ हे हिंदूंच्या लग्नात, मुसलमानांच्या होसेत आणि कार्निव्हलमध्येही वाजते. त्यांच्या संचात पुढे धावणाऱ्या ताशाला ‘कटर’ म्हणतात, ठेका धरणाऱ्याला ‘फुले’, जोडीला ढोल आणि झांज. आमच्याकडे शब्द वेगळे आहेत, कामांची वाटणी तीच.

जनरल मिडीच्या यादीत त्रिनिदादचे एक वाद्य आहे. सुरांच्या वाद्यांत ११५ वा क्रमांक, स्टील ड्रम. त्याच बेटावर, त्याच गल्ल्यांत वाजणारा ताशा मात्र तिथूनही यादीत गेला नाही.

आवाज चिपमध्ये गेला

खऱ्या ड्रमचे डिजिटल ध्वनिमुद्रण वाजवणारे पहिले ताल-यंत्र रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणले, एलएम-१. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. त्यात बाराच आवाज होते आणि झांजेचा लांब घुमणारा ठोका नव्हता. कारण साधे होते: मेमरी महाग होती, आणि झांज जितकी वेळ घुमते तितकी मेमरी खाते. कुठला आवाज यंत्रात शिरेल हे तेव्हा चिपच्या भावावर ठरत होते. १९८३ मध्ये मिडी आले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. १९८५ मध्ये रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला. त्यात आठ पॅड होते, स्वतःचा आवाज एकही नव्हता. तो दुसऱ्या यंत्रातले आवाज वाजवायचा. पुढच्या मॉडेलांत आवाजही आत आले.

ऑक्टोपॅडने आमच्या भागातली कव्वाली, भीमगीते, बँजो पार्टी सगळ्यांनाच व्यापले. त्याचा राग करण्यात अर्थ नाही. चार वादकांची बिदागी आणि जीपभाडे न परवडणाऱ्या पार्टीला एका पोराच्या मांडीवर सगळा संच मिळाला. पण संचात जे भरलेले असते तेच वाजते. पुढे भारतीय बाजारासाठीच्या कीबोर्डांत तबला आणि ढोलक आले. माझ्या हाताखालून गेलेल्या कीबोर्डांत मर्फा मात्र एकदाही भेटला नाही, आणि ताशा भेटला तो पत्र्याच्या डब्यासारखा.

आज परिस्थिती उलटी आहे. मेमरीला भाव राहिलेला नाही. एका सेकंदाच्या एकेरी आवाजाचे ४४,१०० तुकडे, प्रत्येक तुकड्याला दोन बाइट, म्हणजे ८८,२०० बाइट. दोन सेकंदांचा ठोका १,७६,४०० बाइटचा. असे साठ ठोके साठवले तर साडेदहा एमबी होतात. एखाद्या लग्नाच्या व्हिडिओतल्या काही सेकंदांएवढी ही जागा. एक अख्खा ताशा तेवढ्यात मावतो. आता यादीबाहेर राहायचे कारण मेमरी नाही. कुणीतरी बसून ते काम करायला हवे, एवढेच उरले आहे.

साठ ठोके

काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे कुणाला करावेसे वाटले तर अडणार नाही.

आधी वादक. मी ज्या ताशावाल्या चाचांकडे गेलो, त्यांनी माईक बघून पहिले वाक्य ऐकवले, “बाबा, पहिले आग दिखाओ, फिर बजाव.” ताशा शेकल्याशिवाय बोलत नाही. कागद आणि काटक्या पेटवून कातडे ताणले गेले, मग त्यांनी एक ठोका मारला, ऐकला, पुन्हा शेकला. हळूहळू गार होत जाताना आवाज उतरतो. म्हणून साठ ठोके एका दमात घेता येत नाहीत, मध्ये मध्ये शेकावे लागते. हल्ली बऱ्याच ताशांना प्लास्टिकचे पान असते. ते शेकावे लागत नाही, पावसात भिजत नाही, मिरवणुकीला सोयीचे आहे. दोन्हींचे आवाज वेगळे, आणि दोन्ही ठेवायला हवेत.

ठोक्यांचे चार प्रकार आम्ही ठरवले: मध्यावरचा सुटा, दुसऱ्या काठीने दाबलेला, कडेवरचा आणि दोन्ही काठ्यांचा जोडठोका. प्रत्येक प्रकार हलका, मध्यम आणि जोरकस, आणि प्रत्येकाच्या पाच आवृत्त्या. चार गुणिले तीन गुणिले पाच, झाले साठ. पाच आवृत्त्या कशाला, तर माणूस एकच ठोका दोनदा सारखा मारू शकत नाही. संगणक मारतो. तडतड वाजताना एकच फाइल पुन्हा पुन्हा आली की ताशाचे मशीनगन होते. पाच आवृत्त्या आळीपाळीने वाजवल्या की कान फसतो.

मग कापाकापी. ऑडॅसिटीसारखे फुकट सॉफ्टवेअर पुरते. ठोक्याच्या आधीची शांतता अगदी काठापर्यंत कापायची. वेगाच्या तडतडीत सेकंदाला दहा ठोके पडले तर दोन ठोक्यांत शंभर मिलिसेकंद असतात. त्यात फाइलच्या सुरुवातीला दहा मिलिसेकंद शांतता राहिली, तर दहावा हिस्सा उशीर झाला आणि ठेका लंगडला. शेवट मात्र एकदम तोडायचा नाही, हळूहळू विरवत न्यायचा, नाहीतर टक् असा आवाज येतो. आणि सगळ्या फाइली एकाच मोठ्या आवाजावर आणण्याचे बटण दाबायचे नाही. हलका ठोका हलकाच राहिला पाहिजे. हलक्या ठोक्यात कातडे वेगळे बोलते, तो नुसता जोरकस ठोक्याचा दबका आवाज नसतो.

एक मोह टाळावा लागतो. संगणकात आवाज खाली-वर ओढता येतो, मग एकाच ताशातून ढोल आणि मर्फाही काढू, असे वाटते. साध्या पद्धतीने आवाज एक सप्तक खाली नेला की तो दुप्पट लांबतो आणि कातड्याबरोबर भांड्याचा घुमारही खाली जातो. ऐकताना पातेल्याचा रांजण झाल्यासारखे वाटते. तबल्याचे तर आणखीच वेगळे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसत नाहीत. शाई लावलेल्या आपल्या वाद्यांचे बसतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले. यादीतल्या टॉमला कितीही ओढताण केली तरी त्याचा तबला होत नाही, तो यामुळे. ज्याचा आवाज हवा त्याच्याकडेच जावे लागते.

शेवटी जोडणी. हलक्या सॉफ्टवेअर-वाद्यांचे दोन मार्ग मी वापरतो. हायड्रोजन नावाचे फुकट ताल-सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक वाद्याला थर देता येतात. पट्टी किती जोरात दाबली याचा आकडा मिडीत १ ते १२७ असतो. ४० पर्यंत हलकी फाइल, ९० पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरकस, असे वाटून द्यायचे. दुसरा मार्ग एसएफझेड. ही साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. कोणती ध्वनीफाइल, कोणत्या पट्टीवर, कोणत्या जोराला, एवढे एकेका ओळीत लिहायचे. एका ठोक्याने दुसऱ्याचा घुमार थांबवायचा असेल तर त्याचीही सूचना देता येते. दाबलेला ठोका पडला की सुट्याचा घुमार तुटला पाहिजे. खऱ्या ताशावर काठी कातड्यावर टेकली की तसेच होते. ध्वनीफाइली आणि ही मजकुराची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवायची आणि फोल्डर सबंधच हलवायचे, म्हणजे पत्ता चुकत नाही. दोन जीबी रॅमच्या माझ्या लॅपटॉपवर असा ताशा डोळ्याचे पाते लवायच्या आत लोड होतो.

पट्टी कोणती द्यायची, हा प्रश्न इथे येतो. यादीत ताशाला जागा नाही, म्हणून मी ८२ पासून पुढे सुरुवात केली, जिथे यादी संपते. त्याचा तोटा असा, की दुसऱ्याच्या कीबोर्डवर माझा ताल उघडला तर ताशा वाजत नाही. स्नेअरच्या ३८ वर बसवला असता तर काहीतरी वाजले असते. पण ते ताशा म्हणून वाजले नसते, स्नेअर म्हणून वाजले असते.

हात कोणाचा?

सॅम्पलचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतला आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडने एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय वादकाने जेमतेम सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवले. ऐंशीच्या दशकात सॅम्पलर स्वस्त झाले आणि ते सात सेकंद कापून हजारो गाण्यांत वापरले गेले. जगातल्या सर्वाधिक वापरलेल्या सॅम्पलांपैकी ते एक आहे. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला चोवीस हजार पौंड दिले. कोलमन ते बघायला नव्हता.

आपल्याकडच्या गावातल्या वादकाला तर तबकडीवरही नाव नसते. हलगी वाजवणे हे पिढ्यान्‌पिढ्या गावकीचे काम होते, कला नव्हे. मोबदला पायलीभर धान्य आणि वागणूक गावाबाहेरची. आंबेडकरी विचारांनी पुष्कळांनी ती काठी खाली ठेवली, आणि त्यांचे ते करणे योग्यच होते. फकिरांच्या पोरांनाही दफ नको झाला आहे, कारण त्याच्यासोबत मागतकरी हा शिक्का येतो. तेव्हा ‘वाद्ये वाचवा’ असे लांबून म्हणणे सोपे आहे. वाजवणाऱ्याला त्यातून काय मिळाले, हे आधी विचारायला हवे. त्याचा आवाज घेऊन, त्याला चहा पाजून, वरून फाइलला ‘ट्रायबल पर्कशन ०७’ असे नाव देणे ही जुनी गावकीच झाली, तिला नुसती तार जोडली.

कायद्यात याची जाणीव आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलाकाराचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब जोडले गेले. आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क ते कलाकाराला देते. ताशाचा एक सुटा ठोका हे ‘सादरीकरण’ होते का, यावर वकील वाद घालतील. माझ्यासाठी चाचांनी तो मिटवला. मुद्रण सुरू केल्यावर मी विचारले, काही बोलायचे आहे का? त्यांनी आपले नाव सांगितले, मोहल्ला सांगितला, कुणाकडून शिकले ते सांगितले. ज्यांच्याकडून शिकले त्या उस्तादांचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला. मग म्हणाले, “अब लिखो.” हे बोलणे साठ ठोक्यांच्या आधीच्या न कापलेल्या फाइलमध्ये आहे. त्यात आग तडतडते, लांब मोंढ्यातल्या ट्रकचा हॉर्न वाजतो, एक पोर खोकते. कापलेल्या फाइली वाजवण्यासाठी आहेत, ही ठेवण्यासाठी.

त्यामुळे मी आता तीन नियम पाळतो. बिदागी आधी, मुद्रण नंतर. मूळ मुद्रण न कापता वेगळे ठेवायचे आणि त्याची एक प्रत वादकाच्या घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर द्यायची. आणि एसएफझेडच्या मजकुरात पहिल्या काही ओळी वादकाच्या. ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा टाकल्या की सॉफ्टवेअर ती ओळ वाचत नाही, पण उघडणारा माणूस वाचतो. तिथे वादकाने परवानगी दिली तर त्याचे नाव, गाव, कातडे की प्लास्टिक, शेकून की न शेकता, आणि हा ताशा कुठे कुठे वाजतो ते: मोहरमची सवारी, उरसाचा संदल, गणपती, वरात. चार शब्द आहेत, पण ते चारही लिहिले की ‘हा कुणाचा ताशा’ या भांडणाला जागा उरत नाही.

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तारखा, अशी आपली समजूत असते. दख्खनी मुसलमानांचा इतिहास शोधायला निघालेले लोकही फर्मानांत आणि शिलालेखांत शोधतात. तिथे तो आहेच. पण येमेनचा शिपाई, आफ्रिकेचा घोडेस्वार, गावातला मातंग वादक आणि सवारीपुढे नवस फेडणारी हिंदू बाई यांनी मिळून जे घडवले, त्याचे फर्मान कुणी काढले नाही. ते कातड्यावर आणि काठीत आहे, आणि वाजवणारा गेला की जाते. आपल्या गावात एखादा ताशा, दफ किंवा मर्फा अजून वाजत असेल, तर मोबाईल आणि साडेदहा एमबी जागा पुरेशी आहे. नव्वदीतल्या यादीत आपल्याला जागा मिळाली नाही. ८२ पासून पुढच्या पट्ट्या मोकळ्या आहेत.